मनगटावरचा पहारा आणि २७ किलोमीटरचे अंतर

हृदय आणि मेंदूवर लक्ष ठेवणारी घड्याळे व मोबाईल : उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

– प्रतिनिधी

रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. नाटककार वसंत कानेटकर यांचे हे जन्मगाव, तर रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांनाही ते परिचित आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. येथून सातारा सुमारे २७ किलोमीटरवर आहे. हृदयाचे किंवा मेंदूचे गंभीर दुखणे उद्भवले, की रुग्णाला साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयाकडे, कराडकडे किंवा त्याही पुढे मिरजेकडे न्यावे लागते. एरवी सहज वाटणारे हे अंतर अशा प्रसंगी मिनिटांत मोजावे लागते आणि त्या मिनिटांवरच रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत या अंतरावर एक नवा उपाय बाजारात आला आहे. हजार-दीड हजार रुपयांपासून मिळणारी ‘स्मार्ट’ घड्याळे नाडीचे ठोके, रक्तातील प्राणवायू, झोपेचे तास आणि काही वेळा रक्तदाबही दाखवितात. महागडी घड्याळे हृदयाचा आलेखही काढतात. सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या मनगटावर आता ती सर्रास दिसतात. पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले गावाकडच्या आई-वडिलांना ती आवर्जून भेट देतात. या भेटीमागची काळजी खरी आहे. प्रश्न इतकाच, की हे घड्याळ नेमका कशाचा पहारा करते आणि कोणत्या बाजूने ते आंधळे आहे? हे ठाऊक नसेल, तर हाच पहारेकरी ऐन वेळी घात करू शकतो.

दोन अवयव, एक धागा

हृदय आणि मेंदू यांचा विचार एकत्र का करायचा, हे आधी पाहू. मेंदूला अखंड रक्तपुरवठा लागतो आणि तो हृदयाकडून होतो. उच्च रक्तदाबामुळे रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होतात. त्याचा परिणाम हृदयात झाला तर हृदयविकाराचा झटका येतो आणि मेंदूत झाला तर पक्षाघात. खेड्यात ज्याला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, तो बहुतेक वेळा मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडल्याचा किंवा फुटल्याचा परिणाम असतो.

दुसरा दुवा आहे हृदयाच्या लयीचा. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरू लागतात, तेव्हा त्या विकाराला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. अशा थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहते, त्याची गुठळी बनते आणि ती वाहत मेंदूत जाऊन अडकू शकते. हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. अनेकांना त्याची काहीच लक्षणे जाणवत नाहीत. मनगटावरील घड्याळाचा सर्वांत भक्कम वैद्यकीय उपयोग आहे तो याच विकाराची चाहूल लागण्यासाठी.

विषयाचे गांभीर्य आकड्यांतून स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात १ कोटी ७९ लाख लोक हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले. हे प्रमाण एकूण मृत्यूंच्या ३२ टक्के होते. भारतात २०१६ मध्ये झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू याच विकारांमुळे झाले होते.

सव्वाशे वर्षांचा प्रवास

हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच ईसीजी, व्यवहारात आणला तो नेदरलँड्समधील लायडनचे शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. यंत्र हलविणे अशक्य असल्याने आइन्थोव्हन यांनी १९०५ मध्ये सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेवरून रुग्णांचे आलेख आपल्या प्रयोगशाळेत मागविले. ‘रुग्ण एका जागी आणि तपासणारा दुसऱ्या जागी’ ही आज नवी वाटणारी कल्पना ईसीजीइतकीच जुनी आहे. या संशोधनासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी चालत्या-फिरत्या माणसाचा आलेख घेण्याची. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तसा प्रयोग केला, तेव्हा पाठीवर वाहायच्या यंत्राचे वजन सुमारे ३८ किलो होते. त्याचेच लहान झालेले रूप म्हणजे आज हृदयरोगतज्ज्ञ २४ तास अंगावर लावायला देतात तो ‘होल्टर’. मेंदूच्या बाबतीत जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मोबाईलला जोडून ईसीजी काढणाऱ्या ‘अलाइव्हकोर’ या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये परवानगी दिली. २०१८ मध्ये ‘ॲपल’ने ही सोय घड्याळातच आणली आणि २०१९ मध्ये ती भारतातील ग्राहकांना उपलब्ध झाली.

दिव्याचा उजेड आणि विजेची रेघ

घड्याळे दोन वेगळ्या पद्धतींनी काम करतात. त्यांतील फरक समजला, की निम्मा गोंधळ दूर होतो.

पहिली पद्धत उजेडाची. घड्याळ उलटे करून पाहिल्यास त्याच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालील बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो. या कमी-जास्त होण्यावरून घड्याळ ठोके मोजते. प्राणवायूचे प्रमाण मोजण्यासाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरला जातो. घड्याळ सैल बसले असेल, हात हलत असेल किंवा थंडीने गारठला असेल, तर हे मोजमाप चुकते. उजेडाची पद्धत ठोके मोजते, लय बिघडल्याचा संशयही व्यक्त करते, परंतु तिला ईसीजी म्हणता येत नाही.

दुसरी पद्धत विजेची. घड्याळाच्या पाठीचा धातू एका मनगटाला टेकलेला असतो. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या कडेच्या कळीवर ३० सेकंद ठेवले, की दोन हातांच्या मधून हृदयाचा विद्युत प्रवाह टिपला जातो. हा खरा ईसीजी असतो, मात्र एकाच वाहिनीचा. दवाखान्यात छातीवर व हातापायांवर मिळून १० ठिकाणी तारा जोडतात आणि हृदयाकडे १२ कोनांतून पाहतात. घड्याळ एकाच कोनातून पाहते. घराच्या एकाच खिडकीतून डोकावल्यास मागच्या खोलीत लागलेली आग दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

घड्याळ काय ओळखते?

या बाबतीतील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘ॲपल’च्या साह्याने केला. त्याचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ४ लाख १९ हजार लोक सहभागी झाले होते. त्यांपैकी केवळ ०.५२ टक्के लोकांना ‘नाडी अनियमित आहे’ अशी सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ४५० जणांच्या छातीवर नंतर आलेख-पट्टी लावून तपासणी झाली, तेव्हा ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. उरलेल्यांना मिळालेली सूचना सरसकट खोटी होती असे नव्हे. हा विकार आरंभी येतो-जातो, त्यामुळे तपासणीच्या दिवसांत तो सापडेलच असे नाही. तात्पर्य असे, की घड्याळाची सूचना हे निदान नसून डॉक्टरकडे जाण्याचे निमित्त आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विकार लवकर सापडला म्हणजे पक्षाघात टळतोच, हे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयोगटातील सुमारे ६ हजार लोकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काहींच्या त्वचेखाली सतत आलेख घेणारे यंत्र बसविण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यंत्र बसविलेल्या गटात सुमारे ३२ टक्के लोकांत हा विकार सापडला, तर नेहमीची तपासणी झालेल्या गटात १२ टक्के लोकांत. परंतु पक्षाघाताच्या प्रमाणात मात्र निर्णायक घट दिसून आली नाही. क्षणभर येऊन जाणाऱ्या प्रत्येक थरथरीला रक्त पातळ करणारी औषधे हवीतच का, हा वैद्यकशास्त्रापुढील खुला प्रश्न आहे. ती औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवितात. म्हणूनच घड्याळावर सूचना दिसली म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणणे अत्यंत धोक्याचे आहे.

घड्याळ काय ओळखत नाही?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. आपले घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, हे ‘ॲपल’ स्वतःच ग्राहकांना स्पष्टपणे सांगते. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडते. त्या वेळी नाडी ७० किंवा ८० असू शकते, प्राणवायू ९८ असू शकतो आणि घड्याळावर ‘लय सामान्य’ असेही उमटू शकते. रुग्णाच्या हृदयाचा स्नायू मात्र मरत असतो.

खेडोपाडी नेमका येथेच घोळ होतो. छातीत जड वाटते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. घरातले म्हणतात, ‘पित्त झाले असेल, सोडा घ्या.’ आता त्या जोडीला घड्याळ येऊन बसले आहे. ‘ठोके तर बरोबर दाखवतेय’ असे म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी तेच घेऊन दारोदार फिरले. आकडा घसरला की रुग्णालय गाठायचे, हा धडा लोकांनी तेव्हा गिरविला आणि तो योग्यच होता. हृदयविकारात मात्र त्याचा उलटा अर्थ काढता येत नाही. बिघडलेला आकडा दवाखान्यात जायला सांगत असेल, तर जरूर ऐकावे. चांगला आकडा घरी बसायला सांगत असेल, तर ऐकू नये. या एका वाक्यात या विषयाचे सार आहे.

मधुमेही रुग्ण, वयोवृद्ध आणि महिला यांच्यात छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक दम लागणे, मळमळ, कमालीचा थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे एवढीच लक्षणे असू शकतात. अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवावा, घड्याळावर नव्हे.

रक्तदाबाचीही गोष्ट अशीच. दंडाला पट्टा न बांधता केवळ उजेडावरून रक्तदाब सांगणाऱ्या उपकरणांचा वापर निदानासाठी किंवा उपचारासाठी करू नये, अशी भूमिका ‘युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन’ने २०२२ मध्ये घेतली. काही घड्याळे दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी दर चार आठवड्यांनी जुळवून घ्यावी लागतात. स्वस्त घड्याळांवर दिसणारा १२०/८० हा आकडा अनेकदा अंदाजापलीकडे काही नसतो. रक्तातील साखर सुई न टोचता मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून व अंगठ्यांपासून सावध राहण्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही उपकरणाला त्या प्रशासनाने तोवर मान्यता दिलेली नव्हती.

त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडून प्राणवायूची लपलेली कमतरता हुकण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट आढळले. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याने ही बाब ध्यानात ठेवलेली बरी.

मेंदूचा पहारा अधिक अवघड

मेंदूवर देखरेख ठेवणारी साधने त्या मानाने मागे आहेत. त्वचेवर हृदयाचा विद्युत संकेत सुमारे एक मिलिव्होल्ट असतो. कवटी, त्वचा आणि केस यांतून बाहेर येणारा मेंदूचा संकेत त्याच्या कित्येक पट क्षीण, मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतका असतो. तो मनगटावरून टिपता येत नाही. कपाळाला बांधायच्या पट्ट्या बाजारात आहेत, पण त्यांचा उपयोग प्रामुख्याने ध्यान व झोपेच्या सरावासाठी सांगितला जातो. रुग्णालयातील ईईजीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

अपस्मार, म्हणजे फिट येण्याच्या विकारात मात्र अंगावरील उपकरणाने खरी मदत होऊ शकते. ‘एम्पॅटिका’ या कंपनीच्या ‘एम्ब्रेस’ या घड्याळाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. संपूर्ण शरीराला झटके येऊ लागले, की हाताची हालचाल व त्वचेतील घामाचा विद्युत बदल यांवरून ते ओळखते आणि जोडलेल्या मोबाईलमार्फत नातेवाइकांना खबर देते. रात्री एकटे झोपणाऱ्या रुग्णासाठी हे मोलाचे आहे. ते झटका थांबवीत नाही, तसेच झटक्यांचे सगळेच प्रकार ओळखत नाही.

परंतु याहून स्वस्त आणि बहुतेकांच्या खिशात असलेले साधन म्हणजे मोबाईलचा कॅमेरा. डॉक्टरसमोर रुग्ण शुद्धीत बसलेला असतो. झटका कसा आला होता, हे नातेवाईक घाबरलेल्या अवस्थेत नीट सांगू शकत नाहीत. मोबाईलवर टिपलेल्या झटक्याच्या चित्रफितीमुळे निदानास चांगली मदत होते, असे अमेरिकेत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात, हातात किल्ल्या कोंबण्यात वेळ घालवू नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, एकाने सांभाळावे आणि दुसऱ्याने चित्रण करावे. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकला, तर त्वरित रुग्णवाहिका बोलवावी.

पक्षाघातात घड्याळाचा उपयोग अगदी जुन्या अर्थाने होतो, तो वेळ पाहण्यासाठी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चेहरा एका बाजूस वाकडा झाला, एक हात वर राहात नाही किंवा बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ नोंदवावी. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच विचारला जातो. मोबाईलमध्ये ती वेळ टिपून ठेवण्यास कोणतेही ॲप लागत नाही.

सातारा जिल्ह्याचा अनुभव

महागड्या घड्याळांच्या चर्चेत एक स्थानिक गोष्ट मागे पडते. उच्च रक्तदाब आटोक्यात आणण्यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. केंद्र व राज्य शासने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात सहभागी होत्या. पहिल्या टप्प्यासाठी महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा यांच्याबरोबर साताराही होता.

या उपक्रमात कोणाच्याही मनगटावर घड्याळ बांधण्यात आले नाही. दंडाला पट्टा बांधून मोजणारी साधी डिजिटल यंत्रे, ठरावीक मोजक्या औषधांचा एकच क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढ्यावर भर होता. महाराष्ट्रासह काही राज्यांत परिचारिकांच्या हाती ‘सिंपल’ नावाचे मोबाईल ॲप देण्यात आले. रुग्णाच्या कार्डावरील चौकोनी संकेतचिन्ह मोबाईलने वाचले, की त्याचा मागील रक्तदाब व औषधे समोर दिसतात आणि कोण तारखेला आले नाही, याची यादीही मिळते. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

या अनुभवातून निघणारा बोध स्पष्ट आहे. घड्याळ रुग्णाला आकडा दाखविते, पण त्याची गोळी संपली आहे आणि तो दोन महिने दवाखान्यात फिरकलेला नाही, हे त्याला ठाऊक नसते. परिचारिकेच्या हातातील मोबाईल नेमका तोच प्रश्न विचारतो. हृदय आणि मेंदू या दोहोंना सर्वाधिक इजा पोहोचविणाऱ्या विकारावर आकड्यापेक्षा पाठपुरावाच अधिक गुणकारी ठरतो.

आलेख पुढे, रुग्ण मागे

मोबाईलचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे रुग्ण पोहोचण्याआधी त्याचा आलेख तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, १२ वाहिन्यांचे टेली-ईसीजी यंत्र विकसित करून त्याचे तंत्रज्ञान उद्योगांना दिले. मोबाईलमार्फत आलेख दूरच्या तज्ज्ञाकडे धाडण्याची सोय त्यात आहे. डेहराडूनच्या ‘सनफॉक्स’ कंपनीचे ‘स्पंदन’ हे काडेपेटीएवढे उपकरणही मोबाईलला जोडून ईसीजी काढते. मुंबईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या ‘आयु डिव्हायसेस’ या कंपनीने स्टेथोस्कोपमधील आवाज मोबाईलवर नोंदविणारे ‘आयुसिंक’ हे उपकरण तयार केले आहे. ही साधने प्रामुख्याने डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती शोभतात.

‘स्टेमी महाराष्ट्र’ या प्रकल्पाचे सूत्रही हेच होते. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे पाठवायचा, काही मिनिटांत अहवाल मागवायचा आणि झटका निश्चित झाल्यास गुठळी विरघळविणारे औषध देऊन रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करायचे. आइन्थोव्हन यांनी १९०५ मध्ये तारेवरून जे केले, तेच येथे मोबाईलच्या लहरींवरून होते.

रुग्णाला प्रत्यक्ष हलविण्यासाठी १०८ क्रमांक आहे. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. आरंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ अद्ययावत जीवरक्षक, तर ७०४ प्राथमिक सुविधांच्या होत्या. ही सेवा चालविण्याचे काम ज्या भारत विकास ग्रुपकडे सोपविण्यात आले, त्याचे संस्थापक हणमंतराव गायकवाड हे मूळचे रहिमतपूरचे. गावाच्या दृष्टीने हा योगायोग अभिमानाचा असला, तरी त्याहून महत्त्वाचे आहे ते हा क्रमांक घरातील लहानथोरांना पाठ असणे. तातडी नसलेल्या सल्ल्यासाठी ‘ई-संजीवनी’ ही शासकीय सेवा आहे. तिची घरबसल्या मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. छातीतील कळ किंवा वाकडा झालेला चेहरा यांसाठी मात्र तिची वाट पाहू नये.

कायदा काय सांगतो?

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यांतील सॉफ्टवेअरसह, औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. त्यावर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची देखरेख असते. बाजारातील बहुसंख्य घड्याळे मात्र ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ अशी बारीक अक्षरांतील ओळ छापून विकली जातात. जाहिरातीत हृदयाचे चित्र आणि खोक्यावर ही ओळ, असा हा दुटप्पीपणा आहे. ग्राहकाने चित्रापेक्षा ओळ वाचावी.

घड्याळ आपली माहिती कंपनीच्या संगणकावर पाठविते, हेही विसरून चालणार नाही. हृदयाची लय, झोप, फिरण्याच्या जागा ही खासगी माहिती आहे. तिच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तोवर ॲप सुरू करताना मागितलेली प्रत्येक परवानगी डोळे झाकून देऊ नये.

घड्याळ घेण्यापूर्वी

• घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर घड्याळाआधी दंडाला बांधायचे डिजिटल रक्तदाबमापक घ्यावे.

• रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी टाळावी. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे.

• घरी मोजलेला रक्तदाब वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावा.

• घड्याळात खरा ईसीजी आहे की केवळ ठोक्यांचा आलेख, हे दुकानदारास विचारावे. दोन हातांचा स्पर्श लागत नसेल, तर तो ईसीजी नव्हे.

• अनियमित नाडीची सूचना पुन्हा पुन्हा आली, तर आलेख जतन करून डॉक्टरांकडे जावे. मनाने औषध घेऊ नये, चालू असलेले बंदही करू नये.

• दिवसातून दहा वेळा आकडे पाहून जिवाला घोर लागत असेल, तर घड्याळ काढून ठेवण्यातच आरोग्य आहे.

संकटाच्या वेळी

• छातीत जडपणा, घाम, दम किंवा चेहरा, हात, वाणी यांतील अचानक बदल दिसताच १०८ ला फोन करावा. आधी घड्याळ पाहू नये.

• लक्षणे केव्हा सुरू झाली, ती वेळ नोंदवावी.

• रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणेही टाळावे.

• चालू औषधांच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घरातील दोघांच्या तरी मोबाईलमध्ये आधीपासून असावीत.

• रुग्णालयाला आधी फोन करून ईसीजी, सीटी स्कॅन व तज्ज्ञ उपलब्ध आहेत का, हे विचारावे. ही चौकशी संकट येण्यापूर्वीच करून ठेवलेली उत्तम.

रहिमतपूर ते सातारा हे अंतर कोणतेही घड्याळ कमी करू शकत नाही. मात्र घरातून निघायला लागणारा वेळ कमी-जास्त करणे घड्याळ बांधणाऱ्याच्या हाती असते. मुलांनी आई-वडिलांना घड्याळ अवश्य द्यावे. देताना त्यासोबत एवढेच सांगावे, ‘घड्याळ काही म्हणो, तुम्हाला बरे वाटत नसेल तर थांबू नका, फोन करा.’